सव्वीस चालती घड्याळं

मी, विमला गोकुळदास कोरगावकर, वय वर्षे एकोणऐंशी, डिचोली बाजारातल्या नारायण शेट्ये घड्याळजींची थोरली मुलगी, राहणार पेडणे, धंदा घरकाम असे सगळ्या सरकारी कागदांवर लिहिलेले आहे पण खरा धंदा घड्याळे, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली नसताना, सकाळचा चहा आणि अर्धा उंडो पाव पोटात गेल्यावर, हे माझे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कारण याआधी कोणी मला राग आणला नव्हता.

वकील सेजलबायने मला दीड पानाचा छापील मसुदा दिला होता. तो चांगला आहे. त्यात मी मरते ते बरोबर लिहिलंय, पण जगले कधी ते कुठेच नाही. म्हणून तो मी देव्हाऱ्याखाली ठेवला आणि नातीच्या, ऋतिकाच्या, कॉलेजच्या वहीतली कोरी पानं घेतली. सेजलबाय म्हणाली, "आजी, स्वतःच्या हातानं लिहून बंद लखोट्यात नोटरीपुढे दिलंत तरी चालतं. फक्त थोडक्यात लिहा." हातानं लिहिणं जमेल. माझं शिक्षण देवळातल्या शाळेत मराठी तिसरीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं. घड्याळाविषयी काही चुकलं आहे असं वाटलं तर पुन्हा वाचावं, चुकलेलं नसणार.

कलम पहिले : माझी शुद्ध

बाकीच्यांच्या मृत्युपत्रात "मी शुद्धीत आहे" एवढं एक वाक्य पुरतं. मला पुरणार नाही, कारण मी शुद्धीत नाही असा एक कागद माझ्या एकुलत्या एका मुलाच्या, सर्वेशच्या, कपाटात आहे.

झालं ते असं. यंदा श्रावणात मी दारापुढच्या ओसरीवर, ओल्या बल्कांवावर, पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. सतरा दिवस इस्पितळात होते. सर्वेश मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. त्याच दिवसांत त्याच्या गाडीत मुंबईचा एक माणूस बसला, मनगटावर बशीएवढं स्विस घड्याळ. सर्वेशला गाडी चालवताना बोलायची सवय, ती माझ्याकडूनच आली. बोलून गेला, आमच्या आवशीकडे, म्हणजे माझ्याकडे, जुनी सव्वीस असत, बहुतेक चावीची. मी घरी येऊन काठी धरून चालायला लागले तोवर तो गृहस्थ दारात हजर.

त्याने खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले. एकेक घड्याळ उचललं, डायल पाहिली, मागचे नंबर पाहिले, फोटो काढले. सव्वीसपैकी एकही कानाला लावलं नाही. मी तेव्हाच त्याला ओळखलं.

मग मला म्हणतो, "आजी, रोज चावी देऊन चालवू नका ही. झिजतात. बंद ठेवली तर किंमत टिकते."

"मग तुम्ही नेऊन काय करणार?"

"बँकेच्या लॉकरमध्ये सुरक्षित राहतील."

मी म्हटलं, "बरं. चहा घेऊन जा."

तो गेल्यावर सर्वेश पेटला. "आई, माणूस पुरी सव्वीस एका दमात घेऊक तयार असा! तू त्येका चहा पाजून वाटेक लावलंस?"

"चहात साखर घातली होती मी."

"तुका कळणा नाय. पडल्यापासून तुझा डोक्याच जाग्यार नाय."

पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरकडे नेलं. मला वाटलं खुब्यासाठी. डॉक्टर अक्षय हा तरुण पोरगा, बोलायला गोड. त्याने तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बरोबर सांगितलं. मग कोरा कागद पुढे केला. "आजी, आता एक घड्याळ काढा. त्यात अकरा वाजून दहा मिनिटं झालीत."

आता हे ऐकून मला काय आनंद झाला ते मी लिहू शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसाने मला घड्याळ काढायला सांगितलं होतं. मी विचारलं, "सतरा खड्यांचं काढू?" तो हसून म्हणाला, "तुम्हाला आवडेल ते काढा." मी वीस मिनिटं बसले. कमानीचा डबा काढला, मधलं चाक, तिसरं चाक, सेकंदाचं चाक, त्याच्या पुढे दातेरी चाक, घोडा, आणि सगळ्यावर बॅलन्स, त्यात केसाएवढ्या बारीक बालकमानीचे वेढेसुद्धा मोजून घातले. चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या सतरा खड्यांचे सतरा ठिपके दिले.

डॉक्टरने कागद उलटासुलटा केला. "आजी, आकडे कुठे आहेत? काटे?"

मी म्हटलं, "ते पलीकडच्या बाजूला. पुढून काय कोणीही काढेल."

त्याने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. घरी येऊन ऋतिकाने फाइल वाचली आणि लगेच मिटली. मी म्हटलं वाच. तिने वाचलं : "घड्याळ काढता आले नाही. शून्य गुण."

मला! नारायण घड्याळजींच्या मुलीला! एकोणऐंशी वर्षांत माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता आणि सासरी मी त्रेचाळीस वर्षं सासूबाईंसोबत काढली आहेत.

सर्वेशने तो कागद जपून ठेवला. मला म्हणाला, "आई, वाईट वाटून घेव नको, पण आता ह्या सगळा माका बघूचा लागतला." म्हणजे घड्याळं त्याच्या ताब्यात, आणि मुंबईचा माणूस हातमोजे घालून पुन्हा दारात.

दुसऱ्या दिवशी मी चित्रातल्यासारखंच एक सतरा खड्यांचं घड्याळ मागून उघडलं, काचेच्या डबीत ठेवलं, भिंग घेतलं आणि बाहेर येऊन उभी राहिले. बस धरायची होती. सून संजना मागोमाग बाहेर आली. तिने स्कूटर काढली आणि म्हणाली, "घट्ट धरून बसा. खड्ड्यात ओरडू नका." एवढंच.

डॉक्टरला मी भिंग डोळ्याला लावायला शिकवलं. एका हातात माझं चित्र, पुढे उघडं घड्याळ चालू. त्याने चाकामागून चाक जुळवून पाहिलं. बाहेर आठ माणसं खोळंबली होती, ती खोळंबू दिली. शेवटी म्हणतो, "आजी, बालकमानीचे वेढे तुम्ही तेरा काढलेत. इथे तेराच आहेत."

"मग किती असणार?"

त्याने त्याच जागी नवा दाखला लिहून दिला. तो या मृत्युपत्राला जोडला आहे, आणि ज्या चित्राला शून्य मिळालं तेही जोडलं आहे. पाहणाऱ्याने स्वतः ठरवावं. मी शुद्धीत आहे. कलम पहिले संपले.

कलम दुसरे : घर आणि जमीन

पेडण्याचं हे राहतं घर आणि कोरगावची काजूची बाग गोकुळदासची आणि माझी. गोकुळदास म्हणजे माझे यजमान. नाव घेऊन लिहिते, आता कोणाला भ्यायचं आहे. ते दोन हजार अकरा साली वारले, त्यांचा हिस्सा तेव्हाच सर्वेशकडे गेला. माझ्या हिश्श्याबद्दल सेजलबायने मला समजावलं की गोव्याच्या कायद्याने त्यातलं अर्धं मुलाचं, तिथे आईची मर्जी चालत नाही. उरलेलं अर्धं माझ्या मर्जीचं.

मी तिला तीनदा विचारलं. खरंच माझ्या मर्जीचं? ती म्हणाली, "पूर्ण तुमच्या, आजी. शेजारच्या मांजराला दिलंत तरी चालेल." आजवर माझ्या मर्जीला कोणी अर्धंसुद्धा दिलं नव्हतं. मी त्या दिवशी येताना वाटेत आइस्क्रीम खाल्लं.

तर घर आणि बाग पूर्ण सर्वेशला. त्यात भांडण नाही. तो वाईट मुलगा नाही, घाईत असतो एवढंच. बँकेत जे असेल ते माझ्या दिवसकार्याला वापरून उरलेलं ऋतिकाच्या शिक्षणाला. मर्जीच्या अर्ध्यातून मला फक्त घड्याळं आणि हत्यारं हवी आहेत. त्यांचं पुढे.

कलम तिसरे : घड्याळं माझी कशी

सर्वेश म्हणतो, "ही घराची वस्तू." नाही. ही माझ्या अंगावरून आलेली आहेत.

पोर्तुगीज असताना डिचोलीत परदेशी घड्याळं सहज मिळत, आणि सीमेपलीकडे, भारतात, दोडामार्गला लोक त्यांच्यासाठी जीव टाकत. दोडामार्गला माझी मावशी. मी बारा वर्षांची. बाबा माझ्या दंडांना घड्याळं बांधायचे, चार इकडे चार तिकडे, वर पोलक्याच्या लांब बाह्या. हे आता सांगायला हरकत नाही, त्या वेळचा गार्द, म्हणजे नाक्यावरचा शिपाई, आता कोणी उरला नसेल. बाबा बजावायचे, "बाय, चावी देऊ नको हां. वाजतील." मी हो म्हणायची आणि दुकानामागे जाऊन आठही घड्याळांना चावी द्यायची. बंद घड्याळ अंगाला लावून डोंगर चढायचा म्हणजे मला कसंतरीच व्हायचं. चालू असली की दोन्ही दंडांत गुदगुल्या होत आणि वाट संपायची.

एकदा नाक्यावर गार्दाने अडवलं. आमच्याच भागातला होता, मिशीवाला. कान टवकारून म्हणतो, "गे चेडवा, ह्या काय वाजता?"

मी म्हटलं, "पोट वाजता. सकाळपासून जेवूक नाय."

त्याने स्वतःच्या डब्यातला अर्धा उंडो दिला आणि खाऊन संपेपर्यंत मला समोर बसवलं. मी आठ घड्याळं टिकटिकवत तो खाल्ला. तसा उंडो पुन्हा खाल्ला नाही. मी आजही चहाबरोबर अर्धाच घेते, तो त्याच्या नावाने.

त्या फेरीत एक घड्याळ परत आलं. वेस्ट एंड, बायकांचं, पावलीएवढं. पलीकडच्या गिऱ्हाइकाला मोठं हवं होतं. बाबांनी ते माझ्या हाताला बांधलं आणि म्हणाले, "तुझं." ते पहिलं. बाकी पंचवीस कशी आली ते सांगत बसले तर नोटरी निवृत्त होईल. एक रोमर चतुर्थीला नवी साडी न घेता घेतलं. एक फाव्र-ल्यूबा पाण्यात पडून मेलेलं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चिंध्यांत सापडलं, त्याला आठ महिने लागले, आता दिवसाला चार सेकंद पुढे जातं, जाऊ दे. सगळी चालतात. एकसुद्धा शोभेचं नाही.

जुनी घड्याळं सेकंदाला पाच वेळा वाजतात. सव्वीस एकत्र ठेवली की सुरुवातीला चिवचिवाट वाटतो. दहा मिनिटं गप्प बसलं तर एकेकाचा आवाज वेगळा काढता येतो. मुंबईवाल्याला दहा मिनिटं बस म्हटलं तर त्याचं विमान होतं.

कलम चौथे : हत्यारं आणि माझा भाऊ सगुण

डिचोलीच्या दुकानावर पाटी होती : "नारायण शेट्ये आणि पुत्र". पुत्र म्हणजे सगुण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गोवा मुक्त झाल्यावर बाबांचे डोळे अधू होत गेले. बारीक काम त्यांना दिसेना आणि सगुणच्या हाताला कंप. मग पुढे सगुण बसायचा आणि मागे पडद्याआड मी. मुलगी दुकानात बसलेली दिसली असती तर माझं लग्न झालं नसतं म्हणे. गिऱ्हाईक पुढे घड्याळ द्यायचं, सगुण पडद्यातून हात आत घालायचा, मी दुरुस्त करून त्याच हातावर ठेवायची. चार वर्षं. साखळी गावापासून मयेपर्यंत लोक म्हणायचे, सगुणच्या हाताला काय गुण आहे! तो हात मी चार वर्षं फक्त मनगटापर्यंत पाहिला.

वीस वर्षांची झाले तेव्हा माझं लग्न झालं. सहा महिन्यांत दुकानाचं नाव खराब झालं. लोक म्हणाले, सगुणवर कोणाची तरी नजर पडली.

दुकान त्याला मिळालं, पाटीसकट. पुढे त्याने बॅटरीची घड्याळं ठेवली, मग मोबाइलची कव्हरं. बाबांची हत्यारं पेटीसकट मागच्या पडवीत पावसात ठेवली होती. ती मी उचलून आणली. चोरी म्हणायची तर म्हणा, तक्रार द्यायला त्याला यावं लागलं असतं आणि पेटीत काय काय होतं ते सांगावं लागलं असतं.

हत्यारं घड्याळांबरोबर जातील. पण बाबांचं डोळ्याला लावायचं भिंग सगुणला. अट एक. त्याने या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करावी आणि पडद्यामागे कोण होतं ते सहीवर स्वतःच्या अक्षरात लिहावं. मी मरायची वाट पाहायला नको, लिहिलं की लगेच भिंग द्यावं. तो शहात्तर वर्षांचा आहे, त्यालाही थांबायला वेळ नाही. लिहिलं नाही तर भिंग पेटीत परत.

कलम पाचवे : सर्वेशचं घड्याळ

गोकुळदास डिचोलीकडे खाणीवर टाइमकीपर होते. हजेरीच्या खिडकीत बसायचे, सातला खिडकी बंद. उशिरा आला त्याचा अर्धा दिवस गेला. कामाला बायका सावंतवाडीकडून यायच्या, काही डोंगर उतरून, काखेत पोर. गोकुळदासचं एचएमटी जनता रोज पाच मिनिटं मागे असायचं. साहेब ओरडायचा. ते म्हणायचे, "काय करू साहेब, बायको दुरुस्त करते, ती शिकलेली नाही." घरी येऊन मला सांगून हसायचे. मी त्यांना जपानी रेडिओच्या वेळेशी मिळवून बरोब्बर घड्याळ द्यायची आणि ते दारातून बाहेर पडताना स्वतः मागे करायचे.

ते एचएमटी सर्वेशला. ते आजही पाच मिनिटं मागे आहे. सर्वेशने ते मिळवू नये. गाडीत लावावं आणि विमान चुकणाऱ्याला शिव्या देण्याआधी एकदा बघावं.

कलम सहावे : ऋतिका

ऋतिकाच्या हातात फोनचं घड्याळ आहे. ते तिला उठून चाल म्हणतं, पाणी पी म्हणतं, श्वास घे म्हणतं. मी विचारलं, "आणि नाही घेतला तर?" ती म्हणाली, "आजी, तू नको सुरू होऊ."

माझी दोन घड्याळं ऑटोमॅटिक आहेत, हाताच्या हालचालीवर चालतात. मी एक डाव्या हातात घालते, एक उजव्या. बाजारात पोरं हसतात, मी हात आणखी हलवते. त्यातलं डाव्या हातातलं, निळ्या डायलचं, ऋतिकाला. ती पणजीला कॉलेजला जाते, बसमध्ये दांडा धरून उभी राहते, तेवढ्यावर ते मजेत चालेल. नोकरीला कुठेही जा बाय, ते काढून ठेवू नकोस. तू बसून राहिलीस की ते दीड दिवसात गप्प होईल, पण पाणी पी म्हणणार नाही.

कलम सातवे : उरलेली घड्याळं

आता मुद्द्याचं. सर्वेशला वाटतं ही ऋतिकाला देईन. ऋतिकालाही वाटतं. मलाही वाटत होतं.

मी सतरा दिवस इस्पितळात होते. चावीचं घड्याळ जेमतेम दीड दिवस चालतं. पहिल्या संध्याकाळीच मी मनात हिशेब धरला, उद्या दुपारी रोमर थांबेल, मग वेस्ट एंड, मग एकेक. सर्वेश भेटायला यायचा, मी विचारायची नाही. विचारलं असतं आणि तो "कसली घड्याळां गे आई" म्हणाला असता तर ते मला तिथे झोपून सोसलं नसतं.

घरी आणलं, दोघांनी धरून आत नेलं. कपाट उघडलं. सगळी चालू. चिवचिवाट. मी तिथेच खुर्ची मागितली.

मी ऋतिकाला जवळ घेतलं. ती म्हणाली, "मी नाही गं आजी. मला परीक्षा होती." सर्वेश तर नव्हेच. मग मी बाबांचं जुनं सीमा कंपनीचं घड्याळ उचललं. त्याची कमान अठराव्या वेढ्याला घट्ट लागते, म्हणून मी सतरावर थांबते. हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही. चावी देऊन पाहिली, सकाळपासून उलगडलेले वेढे वजा केले, तर बरोब्बर एक वेढा शिल्लक.

स्वयंपाकघरात गेले. संजना खोबरं किसत होती. पंचवीस वर्षं ही मुलगी या घरात आहे आणि पंचवीस वर्षं रोज सकाळी मला ऐकवत आली आहे, "चहा थंड होतलो. घड्याळां पळून जाणत नाय." आमचं कधी फार जमलं नाही. ती आमटीत जास्त कोकम घालते, मी ते बोलून दाखवते. त्यावर तिचं उत्तर असतं, ते इथे लिहीत नाही.

मी विचारलं, "सीमाला सतरा वेढे तुला कोणी सांगितले?"

"कोणी नाय."

"मग?"

"मोजलंय. दारात चहा घेऊन उभी रवतंय ना रोज. दुसरा काय करतलंय?"

"सव्वीसचे?"

"चोवीसचे. दोन हातातले, ती हलवलंय." आणि किसणी न थांबवता म्हणाली, "मामंजी गेले तेव्हा तुम्ही रडूक नाय. शेजारणी म्हणत होत्यो, बाई दगडाची. तेराव्या दिवशी कपाट उघडल्यात आणि रडलात. त्या माका ठाऊक आसा."

ते खरं आहे. गोकुळदास गेले तेव्हा बायकांनी मला घड्याळांना हात लावू दिला नाही. सुतक. देवाची पूजा बंद, तर घड्याळाला चावी कशी? बारा दिवस मी त्या कपाटाशेजारी बसून होते आणि आतून काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा सगळे मला समजावत होते की माणूस गेला, रड. मला एकट्या गोकुळदाससाठी रडता आलं असतं, सगळं घर एकदम थांबलं ते सहन होत नव्हतं. हे कोणाला सांगणार? कोणाला सांगितलं नाही. आणि ही दारात उभी राहून बघत होती.

तर, गोकुळदासचं आणि ऋतिकाचं सोडून उरलेली चोवीस घड्याळं, बाबांची हत्यारांची पेटी आणि कपाट मी माझ्या मर्जीच्या अर्ध्यातून माझी सून संजना सर्वेश कोरगावकर हिला देत आहे.

सेजलबायला आधी हे सांगितलं तेव्हा तिने मला इथे थांबवलं. म्हणाली, "आजी, आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता एकत्र असते. सुनेला दिलंत की अर्धं आपोआप सर्वेशचं." मी म्हटलं, "होऊ दे की. अर्ध्या घड्याळाला चावी देता येत नाही आणि अर्धं घड्याळ मुंबईवाला घेणार नाही. विकायचं तर सर्वेशला आधी संजनाला विचारावं लागेल." सेजलबाय हसत सुटली. सर्वेशा, आता तुला कळलं का तुझ्या आईचं डोकं कुठे आहे? जा, स्वयंपाकघरात जाऊन विचार. किसणी हातात नसताना विचार.

संजनासाठी सूचना. पावसाळ्यात कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावावा, नाहीतर डायलला बुरशी येते. चावी सकाळी सातला, नेहमी त्याच हाताने, घाई न करता. आधी चहा प्यावा. हे मी लिहिते आहे, ही माझी माफी समजावी, दुसरी मिळणार नाही. कोकमाबद्दल माझं मत तेच आहे.

कलम आठवे : मी जाईन त्या दिवशी

घड्याळांना सुतक नाही. मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. मी गेल्यावर देव बारा दिवस पारोसे राहिले तर राहोत, त्यांना सवय आहे. घड्याळं एक दिवससुद्धा राहायची नाहीत. मला अंघोळ घालण्याआधी संजनाने हात पुसून चोवीसांना चावी द्यावी. शेजारणी काही बोलल्या तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं. भटजी बोलले तर त्यांना दहा मिनिटं कपाटाजवळ बसवावं.

माझ्या अंगावर काही सोनं ठेवू नये. उजव्या हातातलं ऑटोमॅटिक संजनाने काढून स्वतःच्या हातात घालावं, लगेच, ते चालू असतानाच. तिला दिवसभर हात हलवण्याशिवाय दुसरं काय काम असतं त्या घरात, ते थांबणार नाही.

यापलीकडे मला कोणाला काही द्यायचं उरलेलं नाही आणि कोणाकडून काही घ्यायचंही नाही. वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, वाचलं, सेजलबायला वाचून दाखवलं. थोडक्यात लिहायचं राहून गेलं. सही करण्याची वेळ मी मुद्दाम निवडली आहे. अकरा वाजून दहा मिनिटं : लहान काटा अकराच्या जरासा पुढे, मोठा दोनवर. कोणाला शंका असेल तर खाली काढून दाखवलं आहे. यावेळी पुढच्या बाजूने.

सही : विमला गोकुळदास कोरगावकर
ठिकाण : पेडणे, गोवा
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

साक्षीदार पहिला : सगुण नारायण शेट्ये, डिचोली. विमलाताईने माझ्यासमोर सही केली. दुकानात पडद्यामागे चार वर्षं तीच होती. मी नुसता हात आत घालत असे. बाबांनाही हे ठाऊक होतं. भिंग मिळालं.

साक्षीदार दुसरा : डॉ. अक्षय. श्रीमती विमला कोरगावकर यांनी माझ्यासमोर सही केली. मी त्यांना तपासले असून त्या पूर्ण शुद्धीत आहेत. माझा पूर्वीचा दाखला रद्द समजावा. सहीच्या वेळी माझ्या घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटे झाली होती. माझे घड्याळ चार मिनिटे मागे आहे असे त्यांनी खुर्चीवरून न उठता सांगितले. फोनवर पाहिले. त्यांचे बरोबर होते. मी माझे मिळवून घेतले.